विश्लेषण : कोकणचा सागरी प्रवास किलोमीटरमध्ये का मोजू नये?

सुट्टी जवळ आली की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेली यादी फिरू लागते. अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे आणि जमलेच तर मालवण. पाच दिवस, एक गाडी, दोन मुले आणि आजी-आजोबा. नकाशावर सगळे मिळून पाचशे-सहाशे किलोमीटर दिसतात. द्रुतगती मार्गाची सवय झालेला कोणीतरी लगेच सांगतो, ‘रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे दोन तासांचे ड्रायव्हिंग’. बहुतेक सहली फसतात त्या या हिशेबात. तिसऱ्या दिवशी सगळे गाडीत दमून बसलेले असतात आणि समुद्र खिडकीतूनच पाहिला जातो.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या या किनाऱ्यावर वेळ ठरवतात त्या खाड्या, भरती-ओहोटी आणि जेट्टीवरची रांग. अंतराचा नंबर त्यानंतर लागतो.

सागरी मार्ग म्हणजे नेमका कोणता?

गोव्याकडे जायला दोन रस्ते आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पहिला मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६. तो पनवेल, माणगाव, महाड, चिपळूण, कणकवली, कुडाळ असा आतून जातो. त्यावरून समुद्र दिसत नाही. दुसरा रेवस-रेडी सागरी मार्ग. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या काळापासून या रस्त्याची चर्चा आहे. सुमारे पाचशे किलोमीटरचा हा मार्ग सलग नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या छोट्या पण वेगवान नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात आणि प्रत्येक मोठ्या खाडीशी रस्ता थांबतो.

रेवदंडा, पूर्णगड, जैतापूर अशा काही ठिकाणी पूल झाले. मात्र आगरदांडा-दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला-वेशवी (बाणकोट खाडी), दाभोळ-धोपावे (वाशिष्ठीची खाडी) आणि तवसाळ-जयगड (शास्त्रीची खाडी) या चार ठिकाणी गाडी बोटीतून न्यावी लागते. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम वर्षानुवर्षे अर्धवट राहिले. आता सागरी मार्गावरच्या खाडीपुलांना पुन्हा गती देण्याचे सरकारने ठरवले आहे. ते होईपर्यंत कोकणातल्या भाषेत ‘जंगलजेटी’, म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट, हाच रस्ता.

फेरीबोटीने किती वाचते?

दाभोळहून गुहागरला जायचे आहे असे समजा. बोट नसेल तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून सुमारे सव्वाशे किलोमीटर जावे लागते. त्यात घाटवळणे आणि महामार्गाची वाहतूकही आली, म्हणजे अर्धा दिवस गेला. धोपाव्याला बोटीतून उतरलात तर गुहागर वीस किलोमीटरच्या आत येते. पाण्यावरचा वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे सेवा सुरू झाली तेव्हापासून दापोली आणि गुहागर हे दोन तालुके खऱ्या अर्थाने शेजारी झाले.

घोळ होतो तो वेळेचा. बोट रात्रभर चालत नाही. शेवटची फेरी चुकली तर मोबाइलवरचा वीस किलोमीटरचा प्रवास जागच्या जागी सव्वाशे किलोमीटरचा होतो, तोही अंधारात आणि मुले पेंगुळलेली असताना. गुगल मॅप खाडीवरून रेघ ओढून मोकळा होतो. बोट आत्ता सुरू आहे का, समोर किती गाड्या उभ्या आहेत, हे त्याला कळत नाही. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात एका फेरीत जागा मिळाली नाही तर पुढच्या फेरीपर्यंत थांबणे आलेच.

म्हणून नियोजन उलट्या दिशेने करावे. आधी बोट पकडण्याची वेळ ठरवावी, मग सकाळचा चहा. निघण्याच्या आदल्या दिवशी फेरीबोट चालवणाऱ्यांना फोन करून वेळा विचाराव्यात. मुक्कामाच्या घरमालकांना त्या बहुधा पाठ असतात. दिवसाची शेवटची फेरी हा आपला बेत कधीच नसावा, तिच्या दोन फेऱ्या आधी जेट्टीवर असावे. थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण खाडीच्या तोंडाशी मोबाइलची रेंज जाते आणि तिच्याबरोबर यूपीआयही. पूर्ण ओहोटीला जेट्टीचा उतार लांब आणि निसरडा होतो. गाडीची उंची कमी असेल आणि मागे सामान ठासून भरले असेल तर बंपर घासतो. अशा वेळी आजी-आजोबांना आधी उतरवून चालत बोटीवर नेणे सोयीचे.

भरती-ओहोटीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

त्यासाठी अॅप आहेत. पण किनाऱ्यावरची जुनी माणसे कालनिर्णयाकडे पाहून सांगतात, आणि ते गणित कोणालाही जमेल इतके सोपे आहे. त्या दिवसाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आलेला आकडा ही भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन भागिले चार म्हणजे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. एकादशीला उत्तर येते सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीच्या बेताला तेवढी अचूकता पुरते.

हे जमते कसे? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. तिथी एकने वाढली की पाऊणपटीच्या सूत्रात पंचेचाळीस मिनिटे वाढतात. वर्षानुवर्षे पाणी पाहून कोणीतरी बसवलेले हे सूत्र आहे आणि पाच मिनिटांच्या फरकावर ते आजही काम भागवते.

याचा उपयोग कुठे? हरिहरेश्वरला. तिथला समुद्राकडच्या कातळावरून जाणारा प्रदक्षिणामार्ग ओहोटीलाच करायचा असतो. भरतीत लाटा थेट त्या वाटेवर येतात आणि तिथे माणसे वाहून गेली आहेत. पौर्णिमेला सूत्राप्रमाणे भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी आरामात आवरून अकराला दर्शनाला पोहोचणारे कुटुंब नेमके चुकीच्या वेळी तिथे असते. त्या दिवशी दर्शन घ्यावे आणि प्रदक्षिणा सोडावी. याउलट गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ भरतीलाच पाहायची. कातळाच्या चिरेत घुसलेले पाणी उंच उसळते, ओहोटीला तिथे नुसती फट दिसते.

पौर्णिमा-अमावस्या आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असते. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात तेव्हा पाणी साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते. मालवणकडे सरकावे तसा हा चढउतार कमी होतो.

गाडी वाळूत नेली तर काय होते?

दर हंगामात वाळूत रुतलेल्या आणि मग लाटांनी वेढलेल्या महागड्या गाड्यांचे व्हिडीओ येतात आणि लोक हसतात. हसण्यासारखे त्यात फार थोडे आहे. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू सिमेंटसारखी कडक वाटते. पण त्याखाली पाणी असते. गाडी थांबली की चाकाखालचे पाणी सरकते, चाक बसते, एक्सलरेटर दाबला की आणखी खोल जाते. त्यातून भरती सुरू झाली की हातात तास-दीड तास उरतो. ट्रॅक्टर येईपर्यंत खारे पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेलेले असते. चार चाके फिरवणारी गाडी असली तरी रुतायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकेच.

शिवाय त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. मंडणगडजवळच्या वेळासमध्ये २००२ पासून गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी ती जपली आहेत. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला हिवाळ्याच्या अखेरीस लोक मुद्दाम येतात. टायरखाली काय गेले हे चालवणाऱ्याला कळतही नाही. या बाबतीत पोलिसांनी समज देऊन सोडू नये, दंडच करावा.

पोहण्याचे काय?

पावसाळा सोडला की समुद्र सुरक्षित, हा समज घातक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठून तरी परत जातेच. अनेकदा ते एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तोच भाग सर्वात शांत दिसतो आणि मुलांना घेऊन पालक तिथेच उतरतात. ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यावे. पोहता येत नसेल तर गुडघ्यापर्यंतच्या पाण्याची मर्यादा पाळावी. खाडीच्या मुखाशी तर उतरूच नये. पाणी उतरत असताना तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी पडते.

मग चार दिवसांत काय जमेल?

अख्खा किनारा तर नाहीच. सागरी रस्त्यावर, गावे आणि वळणे धरून, तासाला २५ ते ३० किलोमीटर हा हिशेब ठेवावा. दोन खाड्या ओलांडणारा एक पट्टा निवडला की सहल सहल वाटते.

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी एक जमणारा बेत असा : पहिल्या दिवशी ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धन किंवा दिवेआगर. दोन्हींना जोडणारा आरवी-शेखाडीचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. सगळ्या किनाऱ्यात तो उजवा, म्हणून तो संध्याकाळच्या उजेडासाठी राखून ठेवावा. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेशवीला आणि तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. समोर सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे करून गुहागर. चौथा दिवस परतीचा, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड. मुंबईकरांनी चिपळूणहून महामार्ग धरावा. त्यांना जाताना भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह मांडव्याला उतरण्याचाही पर्याय आहे.

मालवण-वेंगुर्ला यात बसत नाही, बसवूही नये. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग पाहायचे तर महामार्गाने थेट कुडाळ-कणकवली गाठावी आणि ती सहल वेगळी ठेवावी.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

स्वच्छतागृहे. सहलीच्या यादीत ती कुठेच नसतात आणि प्रवासात बायकांना, मुलांना आणि मधुमेह असलेल्या आजोबांना सर्वात जास्त त्रास त्यांचाच होतो. दोन तालुक्यांच्या गावांमध्ये सागरी रस्त्यावर पेट्रोल पंपही विरळ आहेत. बरा पंप किंवा खाणावळ दिसली की गरज नसली तरी थांबावे आणि टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी रात्री चार्जिंगची सोय आहे का, हे बुकिंग करतानाच विचारावे.

जेवणाचेही तसेच. घरगुती खाणावळीत किती पाने लागतील हे सकाळीच सांगावे लागते, कारण मासळी आणि नारळ त्या हिशेबाने आणले जातात. दुपारी दोनला अचानक आठ जण टपकले तर वरण-भात मिळेल, पण उकडीचे मोदक मिळणार नाहीत. दिवेआगर-गुहागरकडे बरीच घरे पूर्ण शाकाहारी आहेत, हेही आधी पाहावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात जंजिरा-सिंधुदुर्गच्या होड्याही बंद राहतात.

सरकारकडे यातले बरेचसे सोपे आहे. चारही जेट्ट्यांच्या वेळा आणि त्या दिवशी बोट सुरू आहे की नाही हे एकाच संकेतस्थळावर दाखवायला पूल बांधावा लागत नाही. प्रत्येक मोठ्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळेचा फळा आणि हंगामात प्रशिक्षित जीवरक्षक ठेवायला हजार कोटी लागत नाहीत. कोकणातले पर्यटन वाढवण्याच्या घोषणा दर अर्थसंकल्पात होतात. फळ्यावर खडूने दोन वेळा लिहिणारा माणूस मात्र मोजक्या ठिकाणी दिसतो.

परतीचा दिवस कोणता?

रविवार टाळता आला तर टाळावा. रविवारी संध्याकाळी माणगाव-इंदापूरच्या पट्ट्यात गाड्यांची रांग लागते आणि सकाळी वाचवलेला सगळा वेळ तिथे जातो. शुक्रवारऐवजी गुरुवारी निघून रविवारी दुपारी बाराच्या आत माणगाव मागे टाकावे, किंवा सरळ सोमवारी पहाटे निघावे. पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवतात, तेव्हा भोरमार्गे पुण्याला जाणाऱ्यांनी निघण्याआधी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी. घाटाच्या तोंडाशी अडकले तर मागे वळून ताम्हिणी गाठेपर्यंत अंधार पडतो.