जुनी गाडी आहे, आवाज येणारच – हे बोलणं आता बंद करा



आज उसावर नाही, जीपवर लिहितोय. माळेगावात न् आसपास ज्यांच्याकडं जुनी फोर व्हील जीप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. राग आला तरी चालेल.

पुढच्या चाकातनं घरघर सुरू झाली की आपलं वाक्य ठरलेलं, "जुनी गाडी आहे, आवाज येणारच." दोन वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणत होतो. जुलैत आडसाली लागणीचं बेणं भरून चाललो होतो. डाव्या चाकातनं आधी जळका वास, मग धूर. हबला हात लावता येईना. बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलवर फिरून स्पिंडल खाऊन गेली होती. मागं बेण्यावर चार माणसं बसलेली. चाक निसटलं असतं तर त्यांच्या घरी काय तोंड दाखवलं असतं?

सगळे म्हणाले, नशीब चांगलं. नशीब कसलं? दोन हंगाम मी हब उघडलाच नव्हता. चूक माझी.

मंडळी, बेअरिंग वयानं मरत नाही, पाण्यानं आणि उपासमारीनं मरतं. नव्या गाड्यांत बऱ्याचदा बेअरिंग म्हणजे बंद डबी, गेली की बदला. आपल्या जुन्या जीपचं तसं नाही. उघडायचं, धुवायचं, ग्रीस भरायचं, परत कसायचं, यासाठीच ते बनवलंय. आपण उघडतच नाही आणि दोष गाडीला देतो. वर गरम गाडी तशीच चारीच्या पाण्यात घालून धुतो. गरम हब एकदम गार झाला की सीलमधनं पाणी आत ओढतो. मग गंज.

चाक जॅकवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. वरनं-खालनं धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन बघा. एवढ्याला मिस्त्री लागत नाही.

उघडल्यावर डिझेलनं धुऊन पुसा. रोलर निळा पडला असेल, खड्डे किंवा गंज असेल तर बेअरिंग टाकून द्या. कोन नवा न् कप जुना ही काटकसर नको, जोडी बदला. सील नवंच टाका. चेसिसचं स्वस्त ग्रीस हबच्या उष्णतेला टिकत नाही, एपी थ्री वापरा. तळहातावर घेऊन रोलरच्या आत दाबून भरा. हब गच्च भरू नका, तापल्यावर ग्रीस ब्रेकच्या लायनरवर येतं.

सगळ्यात मोठा घोळ नट कसण्यात. "घट्ट असलेलं बरं" म्हणून पान्यावर लोंबकळणारे मी बघितलेत. तसं नाही. चाक फिरवत फिरवत, जड होईपर्यंत कसा, मग नटाचं एक पैलू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, मागं घ्या. लॉक वॉशर दुमडा, चेकनट लावा, परत खेळ बघा. आठ-दहा किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर परत उघडा.

माझा आजा गाडी जुंपायच्या आधी आखाला वंगण घालायचा. वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असायचा. तो शाळेत गेला नव्हता. आपण दहावी-बारावी शिकून गाडी कोरडी पळवतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, कारण वर्षभर ओझं त्याच खांद्यावर असतं. जीपचा खांदा म्हणजे हे बेअरिंग. त्याच दिवशी पुढचे दोन्ही हब उघडा. पावसाळ्याचा चिखल आत गेलेला असतो, न् कारखाना सुरू व्हायला वेळ असतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पटलं तर करा. नाही पटलं तर निदान मागं माणसं बसवू नका.