पेटीचा श्वास पुसावा का?

माझे वडील शाळामास्तर होते आणि गुरुवारच्या भजनात पेटी वाजवत असत. ते गेल्यानंतर त्यांची पेटी काही वर्षे माळ्यावर पडून होती. ती खाली काढली तेव्हा भाता गळत होता, दोन पट्ट्या अडकत होत्या आणि मधल्या सप्तकातला एक सूर किंचित उतरला होता. कारागिराने पेटी उघडून पाहिली आणि भात्याचे कातडे बदलावे लागेल, सूर घासावे लागतील, चार-पाच सूर नवे बसवावे लागतील असे सांगितले. ‘अगदी नव्यासारखी करून देतो’ हे त्याचे आश्वासन होते आणि नेमक्या त्या आश्वासनानेच मी अस्वस्थ झालो. पेटी नव्यासारखी झाली, तर मी तीस वर्षे ऐकलेली पेटी कुठे राहणार?

माझ्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने यावर उपाय सुचवला. तो संगणकावर संगीत रचतो. ‘सर, दुरुस्तीआधी तिचं सॅम्पलिंग करून ठेवू,’ असे तो म्हणाला. वाद्याचा एकेक स्वर स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करायचा, त्या फाइली संगणकातील कीबोर्डाच्या एकेका पट्टीला जोडायच्या आणि मग कुठल्याही संगीत-सॉफ्टवेअरमध्ये ते वाद्य वाजवता यावे अशी व्यवस्था करायची, असा हा घरगुती उद्योग आहे. कल्पना जुनीच आहे. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फीत असे आणि पट्टी दाबली की सुमारे आठ सेकंद मुद्रित आवाज ऐकू येई. १९७९ मध्ये सिडनीत बनलेल्या फेअरलाइट या यंत्राने हेच काम अंकीय पद्धतीने केले, पण ते यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. आज एक बरा मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर हे काम घरी होते.

चिकाटी हा शब्द मी सहज वापरलेला नाही. आमच्या पेटीला एकोणचाळीस पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी भात्याच्या तीन वेगवेगळ्या दाबांवर आणि प्रत्येक दाबाला दोनदा मुद्रित करायची असे ठरले, म्हणजे २३४ फाइली झाल्या. प्रत्येक फाइल बारा सेकंदांची धरली तरी निव्वळ आवाज पाऊण तासाचा होतो. तो मिळवायला आम्हाला दोन रात्री लागल्या, कारण दिवसा रस्त्यावर रिक्षा होत्या आणि घरात कुकरच्या शिट्ट्या. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या बंद, अशा अवस्थेत रात्री दोन वाजता मी भाता हलवत होतो आणि तो हेडफोन लावून ‘पुन्हा एकदा, सर’ म्हणत होता. दर तिसरी पट्टी मुद्रित करून मधले स्वर संगणकाकडून ताणून घेता आले असते. पण आवाज वर ताणला की त्याचा आरंभही भराभर होतो. खर्जाचा मोठा सूर हवा लागल्यावर अंमळ उशिराने बोलतो आणि तो उशीर त्या स्वराच्या स्वभावाचा भाग आहे. म्हणून आम्ही एकही पट्टी वगळली नाही.

खरा वाद तिसऱ्या दिवशी झाला. विद्यार्थ्याने सगळ्या फाइली एका आवाज-सफाईच्या प्रणालीतून काढून आणल्या होत्या. अशा प्रणालीला नुसत्या खरखरीचा एक तुकडा ऐकवला की ती तशाच कंपनांचा अंश सर्व मुद्रणांतून वजा करते. गळक्या भात्याची सुसू गेली होती, पट्टी सोडल्यावरचा ‘खट्ट’ गेला होता. त्यांच्याबरोबर सुरांच्या वरच्या कंपनांतलेही काही गेले होते आणि पेटी पाण्याखालून वाजल्यासारखी वाटत होती. मी नापसंती दाखवली. त्याचे उत्तर बिनतोड होते. ‘सर, उद्या कुणी हे गाण्याखाली वापरलं, तर दहा स्वर एकदम लावल्यावर ही सुसू दहापट होईल. वाद्य हे वाजवण्यासाठी आहे, आठवणीसाठी नाही.’

साहित्याच्या अध्यापकाला हा वाद अपरिचित नसावा. संपादनशास्त्रात आपण पिढ्यान्‌पिढ्या तोच घालत आलो आहोत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेदांच्या गर्दीतून एक वाचनीय, विश्वसनीय पाठ समाजाच्या हाती देणे हे थोर कार्य होते. पण पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणता येईल अशा पोथीचा शोध घ्यावासा वाटला आणि १९०९ मध्ये त्यांनी त्यांच्या मते तशा असलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, यामागची निकडही तितकीच खरी होती. शुद्ध प्रत वाचकासाठी असते, मूळ प्रत अभ्यासकासाठी. एकीने दुसरीची जागा घेतली की भाषेच्या इतिहासातले काहीतरी कायमचे पुसले जाते.

म्हणून माझी भूमिका अशी आहे की, घरगुती सॅम्पलिंग हे तांत्रिक काम असण्याआधी संपादनाचे काम आहे आणि ते संपादनाच्या नीतीनेच व्हायला हवे. या नीतीचा पहिला नियम म्हणजे लेखनिकाचा प्रमाद आणि ग्रंथाची भाषा यांत फरक करणे. मुद्रणात शिरलेली रस्त्यावरची रिक्षा हा लेखनिकाचा प्रमाद होय, तो काढावाच. भात्याचा श्वास आणि पट्टीचा खट्ट ही ग्रंथाची भाषा आहे. ती काढणारा संपादक ग्रंथच बदलतो.

दुसरा नियम व्याकरणाचा. संगणकाच्या कीबोर्डावर पट्टी किती जोरात दाबली हे १९८३ पासून रूढ असलेल्या ‘मिडी’ या संकेतप्रणालीत ० ते १२७ अशा आकड्यांत नोंदले जाते. पियानोसाठी हे योग्य आहे, कारण तिथे जोर पट्टीवरच्या आघातात असतो. पेटीचा जोर मात्र भात्यात असतो. पट्टी हळू दाबा वा जोरात, आवाजाचे मान हवेच्या दाबावरच ठरते. तरीही पट्टीच्या आघाताला आवाज जोडलेल्या तयार आभासी पेट्या आढळतात. हे मराठी शब्दांना परक्या भाषेचे प्रत्यय लावण्यासारखे आहे. आम्ही आवाजाचे मान कीबोर्डाच्या कडेला असलेल्या चाकाला जोडले. डाव्या हाताने चाक, उजव्या हाताने पट्ट्या, असे वाजवताना निदान हातांची वाटणी तरी पेटीची राहते.

तिसरा नियम संयमाचा. संगणकात एक दुसरे चाक असते, ते फिरवले की स्वर वाकतो. म्हणजे पेटीवर मींड काढता येते! पेटीवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच तर होता की तिला मींड येत नाही आणि तिचे स्वर समान अंतरांवर खिळलेले असतात. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके टिकली, तिच्यामागे हे आक्षेप होते. संगणकात ते दोन्ही मिनिटभरात मिटतात. समान अंतरांच्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर ५:४ या प्रमाणातला स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. वजा चौदा एवढा आकडा लिहिला की गंधार जागेवर येतो, अर्थात एकच षड्ज धरून. षड्ज बदलला की आकडेही बदलावे लागतात. मोह मोठा होता. पण वडिलांच्या पेटीचा गंधार चढाच होता आणि त्यांचे भजनी मंडळ त्या चढ्या गंधाराशी जुळवून घेत गात असे. तो दुरुस्त करणे म्हणजे त्या गाण्यालाच मागाहून खोटे पाडणे झाले असते.

शेवटी आम्ही दोन आवृत्त्या केल्या. पहिलीत काहीही सुधारलेले नाही. उतरलेला सूरही तसाच आहे आणि स्वर वाकवण्याचे चाक बंद आहे. दुसरी गाण्यासाठी, सफाई केलेली, गंधार सुधारलेली. आम्ही वापरलेला एसएफझेड हा प्रकार साध्या मजकुराची फाइल असतो. कोणती मुद्रित फाइल कोणत्या पट्टीला, किती सेंट वरखाली, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. कुणालाही ते वाचता येते, तपासता येते, बदलता येते. मूळ मुद्रणे न बिघडवता पाठभेद जपण्याची यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही. शिवाय आम्ही एक पानभर प्रस्तावना जोडली. पेटी कुणाची, मुद्रण कधी व कोणत्या खोलीत, काय काढले, काय ठेवले. सॅम्पलिंग करणाऱ्या हौशी मंडळींनी अशी प्रस्तावना लिहिण्याचा प्रघात पाडावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

या उद्योगाच्या मर्यादेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात मराठी शब्द आहेत, मराठी बोलणे नाही. तसेच २३४ फाइलींत पेटीचे स्वर आहेत, वडिलांचे वादन नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते भाता किंचित सैल सोडत, ते कुठल्याच फाइलीत मावले नाही. सारंगीसारख्या वाद्यात तर अर्थ दोन स्वरांच्या मधल्या वाटेतच असतो. म्हणून अशा वाद्यांसाठी एकेक स्वराऐवजी वादकाकडून अख्ख्या स्वरावली मुद्रित करून घेतल्या जातात. इथे नीतीचा प्रश्न अधिक गंभीर होतो. एकटा स्वर हा शब्द आहे, तो सर्वांचा. स्वरावली हे वाक्य आहे, ते कुणाचे तरी असते. वादकाचे नाव न सांगता आणि त्याला मोबदला न देता त्याचे वाक्य वापरणे याला आपल्या क्षेत्रात वाङ्मयचौर्य म्हणतात. संगीतात त्याला वेगळे नाव असण्याचे कारण नाही.

पेटी दुरुस्त होऊन आली. कारागिराने शब्द पाळला. ती नव्यासारखी झाली आहे आणि वाजवायला पूर्वीपेक्षा सुखाची आहे. माझी मुलगी आता तिच्यावर शिकते. परवा तिला पहिल्या आवृत्तीतला उतरलेला सूर संगणकावर ऐकवला, तर ती म्हणाली, ‘बाबा, हा चुकलाय.’ चुकलाय हे खरेच. पण तो कसा चुकत होता हे सांगायला आता त्या फाइलींखेरीज दुसरा साक्षीदार नाही. ज्यांच्या घरी जुनी पेटी, सतार वा दिलरुबा दुरुस्तीची वाट पाहत असेल, त्यांनी कारागिराकडे जाण्यापूर्वी दोन रात्री जागवाव्यात, एवढेच सांगायचे आहे.