मापात पाप

हा लेख वाचून आमच्या घराण्यातले दोन-तीन जण माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. एकाने तर आधीच फोन करून सुनावलं आहे, "वहिनी, त्या पोरीला थांबवायचं सोडून तुम्ही तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेलात? या वयात?"

हो, गेले. माझ्या नणंदेची नात स्तन मोठे करून घेण्याची शस्त्रक्रिया करणार आहे. (लिहिताना हात अडखळला. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा शब्द वर्गात कधी धड उच्चारला नाही.) लिहू का, असं तिला विचारलं. म्हणाली, "नाव घालू नकोस आजी, बाकी सगळं लिही." ती तिशीची आहे, स्वतः कमावते. मला तिचा बेत पटलेला नाही आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बेत कायम ठेवला. आता मी काय करायचं? रुसून घरी बसायचं?

बसले नाही, कारण तिने माप कसं ठरवलं होतं ते ऐकलं. मैत्रिणीने ३७५ सीसीचे इम्प्लांट बसवले, छान दिसतात, म्हणून हिलाही ३७५! वर मोबाइलवर कुणाचा तरी सल्ला, "थोडे मोठेच घ्या, लहान घेतले की पस्तावा होतो." माझा खरा राग आहे तो या सल्ल्यावर.

अहो, सीसी म्हणजे घनफळ. दिसणं नव्हे. पाव लिटर पाणी पेल्यात ओता आणि तेवढंच परातीत ओता. पेला भरेल, परातीचा तळ जेमतेम झाकेल. मैत्रीण उंच, रुंद खांद्यांची. आमची ही काडीपहिलवान. तेच ३७५ दोघींच्या अंगावर सारखे कसे दिसतील? 'बी', 'सी' हे कपसुद्धा पक्कं माप नाही. एका कंपनीचा सी दुसरीचा बी निघतो, हे कुठलीही बाई सांगेल.

शिंपी आधी अंग मोजतो, मग कापडाला कात्री लावतो. डॉक्टरबाईंनीही आधी स्तनाच्या तळाची रुंदी मोजली, त्वचेखाली किती जाडी आहे ते चिमटीत धरून पाहिलं, त्वचा किती ताणते ते पाहिलं. तळापेक्षा रुंद इम्प्लांट घातलं तर कड काखेकडे जाते, नाहीतर मधली जागाच नाहीशी होते. फार जड घातलं तर वर्षानुवर्षांच्या ओझ्याने त्वचा पातळ होते, सगळं खाली ओघळतं, कडा हाताला लागतात. ३७५चे दोन म्हणजे जवळपास पाऊण किलो. झोपताना काढून खुंटीला टांगता येत नाहीत. हिला २६० ते २८०, असं बाईंचं मत पडलं.

"अंग तिचं, मग माप तिच्या मनासारखं का नको?" असंही कुणी म्हणेल. करायचं की नाही हे तिच्या मनावर, कबूल. पण त्वचेला किती पेलेल, हे कुणाच्याच मनावर नसतं.

सिलिकॉनची अशी पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला झाली. एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतरही तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला २०२१ साली नियम कडक करावे लागले. शस्त्रक्रियेआधी बाईपुढे धोक्यांची यादी ठेवायची, आणि इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही हे तिला सांगायचं. म्हणजे पुढेमागे पुन्हा टेबलावर जावं लागेल, हे धरूनच चालायचं. "मोठेच घ्या" म्हणणारे त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसायला येणार आहेत का?

आणि नातेवाईक मंडळींनो, तुम्हालाही सांगते. तुम्ही तोंडं फिरवलीत म्हणून ती मोबाइलला विचारायला गेली. लाज आपली, आणि माप चुकणार तिचं.

घरी आल्यावर मी तिला मापाच्या भांड्याने तांदूळ मोजून दोन पातळ पिशव्या भरून दिल्या. ३७५च्या दोन. कपड्याच्या आत घालून दोन दिवस वावर म्हटलं. अंदाज कच्चाच, पण मैत्रिणीच्या फोटोपेक्षा बरा. तिसऱ्या दिवशी फोन आला. "आजी, जिना उतरताना सारखं तिकडेच लक्ष जातं गं. ऑफिसात तर पाठच भरून आली."

गाडी आता २७५वर थांबली आहे. शून्यावर थांबली असती तर मला जास्त आवडलं असतं, हेही तिला सांगून झालं. हसली. तारीख ठरली की मी सोबतीला जाणार आहे. ज्यांना फोन करून सुनवायचं आहे, त्यांनी खुशाल करावा. दुपारी दोन ते चार मात्र नको, मी झोपलेली असते.