रस्ता झाला गावाचा, चिखल आला रानात

गेल्या जूनमधली गोष्ट. सोयाबीनची उगवण बघायला एका गावी गेलो होतो. पेरणी होऊन चार-पाच दिवस झाले होते. आदल्या रात्री पाऊसही जोरदार झाला होता. एक आबा बांधावर डोक्याला हात लावून बसलेले. म्हणाले, "या साहेब. उगवण कसली बघताय? आधी माझं रान कुठं गेलं ते दाखवा!"

बघतो तर ओढ्याकडच्या पाच-सहा गुंठ्यांवर कुठे दोन इंच, कुठे तीन इंच लालसर चिखलाचा थर. वरच्या बाजूला गावाच्या रस्त्याचं काम चालू होतं. डोंगराची कड कापून निघालेली माती आणि मुरूम ओढ्याच्या काठालाच ढीग करून ठेवले होते. एका रात्रीत ढिगाची कड ओढ्यात आणि ओढा आबांच्या रानात! बियाणं, खत, पेरणीची मजुरी, सगळं त्या चिखलाखाली.

ठेकेदार म्हणाला, पावसाला मी काय करणार? साहेब लोक म्हणाले, अंदाजपत्रकात तशी तरतूद नाही. पाऊस ठेकेदारानं पाडला नाही हे खरं. पण उघडी माती ओढ्याच्या तोंडाशी कुणी ठेवली? ती काही आभाळातून पडली नव्हती.

शेतकरी बांधवांनो, हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यावरची एक इंच माती म्हणजे जवळजवळ एक ब्रास. म्हणजे आबांच्या रानात दहा-बारा ब्रास गाळ येऊन पडला. तो उचलायचा तर जेसीबी आणि ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार? आणि तो नुसता चिखल नव्हे. वाळला की त्याची कडक खपली धरते, कोंब वर येत नाही. वर मुरूम आला असेल तर रानाचा पोतच बिघडतो.

हे असं का होतं? गवत, पालापाचोळा असलेल्या जमिनीवर पावसाच्या थेंबाचा मार गवत झेलतं. उकरलेल्या मातीवर तो मार थेट बसतो, माती सुटी होते. त्यात उतार असला की पाणी पळतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर माती कापायची ताकद चौपट होते, असं आम्हाला पदविकेला शिकवलं होतं. जाड मुरूम जवळच्या रानात बसतो. बारीक माती मात्र पाण्याबरोबर थेट पाझर तलावात जाते.

इथंच खरी गंमत आहे. गंमत कसली, दुःख म्हणा. १९७२ च्या दुष्काळापासून आपण बांधबंदिस्ती करत आलो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून तलावातला गाळ काढतो आहोत. एका हातानं गाळ काढायचा आणि दुसऱ्या हातानं रस्त्याची माती तलावात लोटायची, हा कुठला कारभार?

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या विनिर्देशांत मातीची धूप आणि गाळ रोखण्यासाठी ३०६ क्रमांकाचं वेगळं कलम आहे. सुपीक वरची माती खरवडून वेगळी साठवावी, हेही त्यात सांगितलेलं आहे. अमेरिकेत तर २००३ पासून एक एकरावर जमीन उकरायची तरी गाळ रोखण्याचा आराखडा करून परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे गावपातळीच्या कामावर हे कलम कुणी उघडून बघत नाही.

काही जण म्हणतील, रस्ता पाहिजे की नको? पाहिजेच. बाळंतीण दवाखान्यात न्यायला आणि दूध डेअरीला घालायला रस्ता लागतोच. पण मी सांगतो त्यात फार खर्च नाही. वेळ आणि लक्ष पाहिजे.

पहिली गोष्ट, खोदाई दसऱ्यानंतर सुरू करून मे अखेर उरकावी. जेवढं पुरं होईल तेवढंच उकरावं. दुसरी, वरची सहा इंच काळी माती बाजूला ठेवावी आणि शेवटी उतारावर परत पसरावी. तिसरी, मातीचा ढीग ओढ्यापासून, नाल्यापासून लांब, सपाटीवर. चौथी, कामाच्या वरच्या अंगाला चर काढून बाहेरचं पाणी परस्पर वळवावं. पाचवी, खालच्या अंगाला दगडांचा सैल बांध घालावा, नाहीतर वाळूची पोती रचावीत आणि पाठीमागे गाळ बसायला खड्डा ठेवावा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो खड्डा उपसावा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. सहावी, मोरीच्या तोंडाशी दगडी पिचिंग. आणि भरावाच्या उतारावर पहिल्या पावसात मारवेल, खस लावावं. घायपातही चालते.

आता आपल्याही पदराखाली बघू. विहिरीचा उपसा नाल्याच्या काठाला कोण टाकतं? ऐन जूनच्या तोंडावर जेसीबी लावून रान सपाट कोण करतं? शेततळ्याची माती बांधावर मोकळी सोडून देणारेही आपणच. आमच्या विस्तारवाल्यांनीही पिकावरच्या किडीबद्दल शंभर बैठका घेतल्या, पण उकरलेल्या मातीबद्दल एकही घेतली नाही. ही चूक मी कबूल करतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच. गावात कुठलंही खोदाईचं काम येणार असेल तर गाळ रोखण्याची बाब अंदाजपत्रकात धरा म्हणून ग्रामसभेचा ठराव करून लेखी द्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात अभियंता, ठेकेदार आणि खालच्या अंगाचे शेतकरी यांनी एकत्र शिवारफेरी करावी. उताराची आणि चरांची कामं झाली नसतील तर बिलाची शिफारस करू नये. आणि नुकसान झालंच तर दुसऱ्याच दिवशी फोटो काढून तलाठी भाऊसाहेबांकडे लेखी अर्ज द्यावा. चिखल वाळला की पुरावाही वाळतो.

आबांनी नंतर तेवढ्या तुकड्यावर दुबार पेरणी केली. बियाणं उसनं आणलं होतं. रस्ता आता झाला आहे, चांगला झाला आहे. त्याच रस्त्यावरून आबा बाजाराला जातात. पण त्या रस्त्याची किंमत एकट्या आबांनी का भरायची, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.