संभाषणाचे दप्तर

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. या मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन २०१३ साली झाले. तेथे उतरलेला मराठी माणूस दिल्लीकराशी हिंदीत बोलतो, सदनातील कर्मचाऱ्याशी प्रमाण मराठीत बोलतो आणि भ्रमणध्वनी कानाला लावताच ‘काय करून राहिला?’ किंवा ‘खंय आसस?’ असे विचारू लागतो. गाव सोडलेल्या माणसाची बोली आज मुख्यतः अशा संभाषणांतच वावरते. वाङ्मयाच्या आणि भाषेच्या अभ्यासकांनी तिचे जतन करावयाचे की नाही, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

दिल्लीतील मराठी बोलण्याचा पूर्वेतिहास लेखी आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून पुण्यास जी पत्रे धाडीत, ती टिकली. ‘हिंगणे दप्तर’ म्हणून छापली गेली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला नसता, तर त्या काळच्या गद्याविषयी आज फारच थोडे बोलता आले असते. ती पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही भाषाभ्यासकासाठी लिहिले नव्हते. कामाच्या निकडीने लिहिले, म्हणूनच त्यांतील भाषा विश्वसनीय ठरली. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. देशातील अशा सेवेचा तो आरंभ. त्यानंतरच्या तीन दशकांत घरगुती पत्र मागे पडले. पत्राची जागा ज्याने घेतली, त्याचे मात्र दप्तर झाले नाही.

बोलीचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे नवीन नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला, आणि पुढे १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. डेक्कन कॉलेजाने अलीकडे मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातील ध्वनिमुद्रणे संगणकावर उपलब्ध आहेत. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि ग्रियर्सन यांच्या नमुन्यांत प्रामुख्याने बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर असे. आणि आजही सर्वेक्षणातील निवेदक संशोधकासमोर बसूनच बोलतो. एकाने सांगितलेली कथा आणि दोघांनी मिळून चालविलेले बोलणे यांत मूलतः अंतर आहे. ‘हं’, ‘बरं’, ‘ऐकतोयस ना?’, ‘ठेवू का मग?’ या शब्दांवर संभाषण तोलले जाते. कथेत त्यांना स्थान नसते. जुन्या दूरध्वनीवर ‘कोण बोलतंय?’ हा पहिला प्रश्न होता. आता ‘कुठे आहेस?’ हा आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली सुमारे पाचशे दूरध्वनी-संभाषणांच्या केवळ प्रारंभाचा अभ्यास केला आणि नियमात न बसणाऱ्या एका उदाहरणासाठी संपूर्ण नियमच पुन्हा मांडला. मराठीत असा अभ्यास करावयाचा, तर त्यासाठी सामग्रीच हाती नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. दूरध्वनीवरील बोलणे हे दोघांचे असते. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली, बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने पोलिसांनी मुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य मानले. १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग असल्याचे सांगून शासनाच्या चोरून ऐकण्यावर बंधने घातली. तरीही २०२५ साली पती-पत्नींच्या वादात गुपचूप मुद्रित केलेले संभाषण पुराव्यात येऊ शकते, असा निर्णय झाला. न्यायालयापुढील प्रश्न पुराव्याचा असतो. तेथे एकाची संमती, क्वचित् तीही नसणे, चालून जाते. अभिलेखागाराला ही सवलत घेता येणार नाही. तेथे न्याय मागणारा पक्षकार नसतो, केवळ जिज्ञासू असतो. आणि जिज्ञासेसाठी कोणाचेही घर उघडे करण्याचा अधिकार कोणास नाही. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संशोधनास व अभिलेखनास काही अटींवर सूट दिली आहे. कायद्याने दिलेली सूट म्हणजे नैतिक परवाना नव्हे, हे विद्यापीठांनी विसरू नये.

दुसरा आक्षेप असा, की आधी सांगितले तर बोलणे कृत्रिम होते. हे अंशतः खरे आहे. परंतु अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘कॉलहोम’ या संग्रहासाठी सहा भाषांतील माणसांना दूरचा दूरध्वनी विनामूल्य देऊन आप्तेष्टांशी बोलू दिले गेले. मुद्रण होत आहे हे ठाऊक असूनही त्यांतील बोलणे घरगुती राहिले, कारण पलीकडे आपले माणूस होते. त्या सहांत मराठी नव्हती.

तेव्हा मार्ग दानाचा आहे. दोन्ही बोलणाऱ्यांनी आधी लेखी संमती द्यावी; काही महिने मुद्रण चालावे; मग दोघांनीही सर्व ऐकून, नको ते कोणतेही कारण न देता पुसून टाकावे; उल्लेखिलेल्या तिसऱ्या माणसांची नावे झाकावीत; आणि उरलेले ठरावीक वर्षे बंद ठेवावे. अशाने संग्रह लहान होईल. पण राजवाड्यांच्या हाती आलेली पत्रेही काळाने गाळून उरलेलीच होती. तेथे वाळवीने निवड केली, येथे बोलणारे स्वतः करतील.

आज मराठी माणसाची संभाषणे मुद्रित होतच नाहीत असे नाही. अधिकोषाच्या ग्राहकसेवेला केलेला प्रत्येक दूरध्वनी ‘गुणवत्तेसाठी’ मुद्रित होत असल्याची सूचना देऊनच सुरू होतो. तक्रार करणारी मराठी अशा प्रकारे कोठेतरी साठत आहे; आईशी बोलणारी मराठी मात्र विरून जात आहे. पुढल्या पिढीच्या अभ्यासकास यांपैकी कोणती मिळावी, हे ठरविण्यास अजून अवकाश आहे, फार नाही.