डाकारच्या दुकानदाराचा भरवसा

सेनेगलमध्ये दुपारच्या जेवणाला मासळीबरोबर शिजतो तो बहुतेक तुकडा तांदूळ, म्हणजे आपली कणी. डाकारचा किरकोळ दुकानदार ती घाऊक व्यापाऱ्याकडून पोत्याने उचलतो आणि किलोकिलोने विकतो. भारताने सप्टेंबर २०२२मध्ये कणीची निर्यात थांबवली. २० जुलै २०२३ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली. पांढरा तांदूळ सप्टेंबर २०२४मध्ये मोकळा झाला, कणीला मात्र मार्च २०२५ उजाडावा लागला. अडीच वर्षे! एवढ्या काळात दुकानदार रिकाम्या फळ्या घेऊन बसत नाही. तो थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तानचा माल लावतो आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला तीच चव लागते.

देशातले भाव आधी सांभाळायला हवेत, हा आक्षेप वजनदार आहे. भारतातल्या गरिबाचे ताट महाग करून निर्यात करा, असे कोणीच म्हणणार नाही. पण रातोरात दार लावणे हा एकच मार्ग नव्हता. उकड्या तांदळावर ऑगस्ट २०२३मध्ये २० टक्के शुल्क लावले गेले, तेव्हा माल महागला तरी जहाजे चालू राहिली. सेनेगल, गांबियाला सरकारी मार्गाने कोटा दिला होता, असेही सांगितले जाईल. तो कोटा मिळाला कणीवरच्या बंदीनंतर कित्येक महिने उलटल्यावर, आणि दोन सरकारांतल्या व्यवहाराने बाजारातली रोजची उलाढाल भरून निघत नाही. निर्बंध आणायचेच तर शुल्काने आणावेत, आगाऊ मुदत द्यावी आणि झालेले सौदे पुरे होऊ द्यावेत.