शिकंजी म्हणजे नेमकी कोणती?

मद्यमिश्रित पेयांचा विषय कौटुंबिक मासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. आमच्या बडोद्याच्या वाचकांच्या राज्यात तर १९६० साली झालेल्या स्थापनेपासून दारूबंदी आहे. तरीही 'कॉकटेल'च्या कृती सुचविणारी अ‍ॅप्स ज्या युक्तीने चालतात, तीच युक्ती सरबताची अथवा लोणच्याची कृती शोधून देते. कॉकटेलमध्ये घटक मोजके आणि मापे काटेकोर असतात, म्हणून उदाहरणास ते सोयीचे. हेतू एवढाच.

समजा, कोणी विचारले, "घरात रम, लिंबू व साखर आहे, काय करता येईल?" यंत्र सर्व कृती एकामागून एक वाचीत बसत नाही. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी त्याची सूची आधीच तयार असते. प्रत्येक घटकापुढे त्या त्या कृतींचे क्रमांक लिहिलेले असतात. तिन्ही याद्यांतील सामाईक क्रमांक निवडले की क्यूबाची 'डाइकिरी' हाती येते. 'मोहितो'ही त्याच यादीत असते. पण तिला लागणारा पुदिना व सोडा घरात नसल्यामुळे ती मागे राहते. कोणत्या शब्दाला किती मान द्यायचा, हाही हिशेब असतो. लिंबू असंख्य कृतींत येते, म्हणून त्यावरून मागणाऱ्याचा हेतू फारसा कळत नाही. इटलीचे कडवट 'कॅम्पारी' थोड्याच कृतींत येते, म्हणून त्याचे वजन अधिक. विरळ शब्दाला अधिक वजन द्यावे, हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ साली मांडले आणि ते आजही उपयोगात आहे.

शोधाची धाकटी बहीण म्हणजे शिफारस. तिच्या दोन वाटा आहेत. पहिली घटकांच्या साम्याची. डाइकिरीत रम, लिंबू, साखर. 'मार्गारिता'त टकीला, लिंबू आणि संत्र्याचे गोड मद्य. नावे वेगळी, पण सांगाडा एकच : मद्य, आंबट, गोड. म्हणून जाणता कारागीर यंत्राला घटकांच्या नावांबरोबर त्यांची कामगिरीही शिकवितो. दुसरी वाट माणसांच्या साम्याची : ज्यांना हे आवडले, त्यांना तेही आवडले. या पद्धतीला तिचे इंग्रजी नाव १९९२ साली, झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात संगणकीय टपालाची छाननी करणाऱ्या 'टॅपेस्ट्री' प्रकल्पात मिळाले. या वाटेत एक खोड आहे. जे पेय कोणी पाहिलेच नाही त्याला पसंती मिळत नाही, आणि पसंती नाही म्हणून ते कोणाला दाखविले जात नाही. प्रसिद्ध ते अधिक प्रसिद्ध होते. अपरिचित ते अंधारातच राहते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आवडनिवड ही एक गोष्ट आणि वर्ज्यावर्ज्य ही दुसरी. जो मद्य घेत नाही, ज्याने ते कष्टाने सोडले आहे, किंवा जी गर्भवती आहे, अशांच्या बाबतीत 'बहुधा चालेल' हा हिशेब कामाचा नाही. तेथे भिंतच हवी. ती भिंत कृतीच्या नावावर विसंबून बांधू नये. सोड्यात अंगोस्तुरा अर्काचे चार थेंब टाकले तर पेय निरुपद्रवी दिसते; पण त्या अर्कात सुमारे ४५ टक्के अल्कोहोल असते. 'ओर्जा' या गोड पाकात बदाम असतो, हे बदाम न सोसणाऱ्याला आधी कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक घटकाची कुंडली मांडूनच कृतीला 'मद्यविरहित' म्हणावे.

आता आपल्या घरी येऊ. इंदूरकर 'शिकंजी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुधाचे दाट, सुक्यामेव्याचे पेय असते. उत्तरेत इतरत्र त्याच शब्दाने लिंबाचे सरबत मिळते. यंत्राला गाव ठाऊक नसेल तर ते इंदूरच्या पाहुण्यापुढे लिंबूपाणी ठेवील! उलट, एकाच वाळविलेल्या सालीला कोणी आमसूल म्हणतो, कोणी कोकम, कोणी सोलं. हे तिन्ही शब्द एकमेकांशी जोडले नाहीत तर गोव्याच्या घरातील सार बेळगावच्या सुनेला सापडणार नाही. ऋतूचेही तेच. काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाचा 'उर्राक' उन्हाळ्यापुरताच. त्याची शिफारस भर पावसाळ्यात करणे हा अडाणीपणा होय.

हे ज्ञान यंत्र स्वतः निर्माण करीत नाही. लिहिलेले असेल तेवढेच त्याला सापडते. आमच्या समाजात कित्येक कृती आजही हातांतच आहेत : 'अंदाजाने मीठ', 'बोटभर गूळ', 'आमच्याकडे करतात तसे'. ज्या पिढीच्या हातांत त्या आहेत, ती पिढी वयोवृद्ध झाली आहे. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहून आपण दोन चवींचा जो मेळ घातला, त्याची नोंद दुसरे कोणी ठेवणार नाही.

म्हणून वाचकहो, आमची विनंती साधी आहे. या सुट्टीत घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. कृतीचे घरातील नाव, शेजारच्या भाषेतील नाव, गाव, ऋतू आणि वाटी-चमच्याचे माप एवढे लिहून घ्यावे. उद्या ती वही अ‍ॅपमध्ये जावो अथवा कपाटात राहो. शोधणाऱ्याच्या हाती काही तरी लागेल.